अर्धं गाऱ्हाणं

नवऱ्याचं नाव घेऊ नये, त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी सासू म्हणायची. मी घेते. आयुष्य कशाने कमी होतं ते गेल्या वर्षी धाकट्या दिराच्या अंथरुणाशी बसून मी पुरतं पाहिलं, आणि त्यात नाव घेण्याचा काही संबंध नव्हता. तर माझ्या नवऱ्याचं नाव हरिश्चंद्र. आमच्या वाडीच्या रापणीचं गाऱ्हाणं तेच घालतात.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी ते समुद्रात अर्धगोल सोडून येते आणि मग दोन्हीकडचे दोर धरून सगळी वाडी ओढत बसते. पावसाळा सरून जाळं पहिल्यांदा पाण्यात पडायचं असतं, त्या सकाळी रापणीतले सगळे पुरुष वाळूत गोल उभे राहतात. मधे नारळ आणि विडा. हरिश्चंद्र हात जोडून देव रवळनाथाला हाक मारतात, वाडीच्या वतीने एकेक मागणं मागतात, आणि दर मागण्याला सगळे मिळून ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्यांचा आवाज असा खणखणीत की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागतात. सगळ्या वाडीसाठी देवापुढे उघडणारं हे तोंड. पण दातांच्या डॉक्टरणीने ‘काका, आ करा’ म्हटलं तर ते उघडणार नाही.

श्रावणात आमच्या शाळेत तपासणी झाली. आशाताई नम्रता आमच्याच वाडीची सून, जीव तोडून काम करते. दारोदार फिरून तिने सांगितलं की चाळिशीच्या वरच्या सगळ्यांनी या, तोंड बघतील, लघवीची काही तक्रार असली तर विचारतील, फुकट आहे. बायका गेल्या. लाजत, एकमेकींना ढकलत का होईना, पण गेल्या आणि सगळं दाखवून आल्या. पुरुषांमधून एकटा शाळेचा शिपाई गेला, तोही कुलूप उघडायला.

बाकीच्यांची कारणं ऐकाल तर हसाल. एकाला जाळं सांधायचं होतं. एकाच्या मेहुण्याकडे बारसं होतं. आमची होडी हाकणारा तांडेल गुरुदास, जो तुफानात दर्यात शिरतो आणि सुई बघितली की आडवा होतो, त्याने तर नम्रताला भर रस्त्यात सांगितलं, “साठीच्या वरल्यांका मागल्या दारान बोट घालून बघतत म्हणे. माका ता जमाचा नाय. मी घराचा म्होरला दारय कोणाक उघडून देत नाय.”

“ओ गुरुदासकाका, तसा काय नाय. हंय निसता तोंड बघतले,” नम्रता म्हणाली.

“आज तोंड बघतले, फाल्या काय बघतीत कोणाक म्हायती,” गुरुदास म्हणाला, आणि सगळे पुरुष खो खो हसले. हरिश्चंद्रही हसले, पण ओठ मिटून.

ते ओठ मिटून हसणं माझ्या लक्षात आलं. आधी त्यांचं हसणं असं नव्हतं. मग एक दिवस बांगड्याचं तिखलं ताटात तसंच ठेवून ते उठले आणि म्हणाले, “उद्यापासून तिखट कमी घाल गो.” आमच्याकडचा पुरुष तिखट कमी घाल म्हणाला म्हणजे काहीतरी मोठं बिनसलं आहे असं समजावं. मी विचारलं तर म्हणाले, पित्त झालंय. जेवताना घास डावीकडेच फिरवायचे. चूळ भरायला विहिरीमागे जायचे. नाव हरिश्चंद्र, आणि रोज उठून माझ्याशी खोटं!

एका दुपारी मी मालवणच्या बाजारातून सुके मासे विकून आले तर ते खळ्यात माडाच्या सावलीला तोंड वासून घोरत होते. मी टोपली उतरवली आणि ओणवी झाले. गिऱ्हाईक माशाचं गालफड उचलून बघतं तसा मी त्यांचा गाल बोटाने बाजूला केला. तंबाखूचा बार ज्या जागी धरतात, तिथे पांढरा चट्टा होता. ओल आलेल्या भिंतीला पोपडा धरतो तसा, आणि मधे लालभडक. तेवढ्यात ते जागे झाले आणि माझ्या बोटाला चावले.

“काय करतंस गो?”

“बघतंय.”

“मी काय मासो आसय?”

“मासो असतात तर कोणी इकत घेतलो नसतो.”

ते उठून बसले, पंच्याने तोंड पुसलं. “माका काय जाला नाय. बाराचो चट्टो तो. सगळ्यांका आसता.”

“बाबलीय आसाच म्हणा होतो.”

“बाबली दाखवूक गेलो म्हणान मेलो!”

“दाखवूक गेलो म्हणान नाय. उशिरान गेलो म्हणान मेलो.”

“बघितला काय कायतरी गावता,” ते म्हणाले. “बघूचाच नाय.”

हे आमच्या वाडीतल्या पुरुषांचं शास्त्र. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात, हे डोळे मिटून विष पितात. बाबली माझा दीर, ह्यांचा पाठचा भाऊ. गालाच्या आत जखम घेऊन वर्षभर हिंडला. दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि थोड्याच दिवसांत गेला. त्यावरून वाडीने काय शिकावं? तर डॉक्टरकडे जाऊ नये. बाबलीला शेवटी मी भरवत होते. तोंड उघडायचं नाही, चमच्याने घातलेली पेज गळ्यावर ओघळायची, आणि तो माझ्याकडे असा बघायचा की मी पदराने पुसताना मान फिरवत असे.

‘शिरा पडो तुझ्या तोंडार’, म्हणजे तोंडावर काटे पडोत, ही आमच्याकडे शिवी नव्हे, बोलण्यातलं मीठ आहे. मुलाला, गिऱ्हाइकाला, मांजरालासुद्धा म्हणतो. बाबली गेल्यापासून माझी जीभ ‘तोंडार’पाशी अडते. मी ‘पायार’ म्हणते, आणि बाजारातल्या बायका मला हसतात. हसू देत.

त्या दुपारनंतर हरिश्चंद्र माझ्याशी बोलेनात. झोपताना भिंतीकडे तोंड करायचे आणि वर पंचा बांधायचे, मी पुन्हा डोकावेन म्हणून. एवढा धिप्पाड माणूस, आणि बायकोच्या बोटाला भितो!

मी नम्रताकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. “काकी, हरीकाकांनी थांबाक नको हां,” ती म्हणाली. “तपासणीची गाडी परत येतली आसा. गाऱ्हाण्याच्या दिवशी दर्याकडेच आणूया काय? सगळे एका जागेर गावतले. पण पळतीत ओ ते.”

“पळांदेत. वाळूत कितके पळतीत?”

मला काही डाव सुचला होता असं समजू नका. नुसता राग होता. पण राग असला की निदान माणूस घरी बसत नाही.

गाऱ्हाण्याच्या सकाळी समुद्र निवळ होता. जाळं होडीत चढवून तयार होतं. पुरुष आंघोळी करून आले होते. आम्ही बायका रिकाम्या टोपल्या घेऊन मागे उभ्या होतो, ती आमची दरवर्षीची जागा. आणि वर रस्त्याला, माडांच्या खाली, तपासणीची पांढरी गाडी येऊन थांबली. दारात नम्रता आणि एक तरुण डॉक्टरीण.

पुरुषांमध्ये कुजबुज झाली. गुरुदास हळूच म्हणाला, पण मला ऐकू आलं, “गाऱ्हाणा झाला काय होडयेत चढा आणि सुटा. इल्या पावली जातीत त्यो.”

हरिश्चंद्रांनी गाडीकडे बघितलंसुद्धा नाही. हात जोडले, डोळे मिटले आणि हाक घातली.

“बा देवा रवळनाथा, बारा वाडयेच्या, चारी वाटांच्या म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां जाळा घेवन दर्यात उतरतत, तेंची राखण कर म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“कोणाची वायट नजर आसात, कोणी काय वाकडा...”

आणि ते थांबले. ‘वाकडा’चा आकार त्यांच्या तोंडात मावेना. त्यांनी पुन्हा जोर केला आणि गालावर हात दाबून खाली वाकले. ओठाच्या कोपऱ्यातून लाल थुंकी ओघळली. पानाची नव्हती. गाऱ्हाण्याआधी ते तोंडात काही घालत नाहीत.

गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडत नाहीत. देवाला हाक मारून दारात ताटकळत ठेवल्यासारखं ते होतं, आणि मग होडी पाण्यात जात नाही. कुणीतरी ते पुरं करायला हवं होतं. पण कुणाला येत होतं? हरिश्चंद्र आहेत, तोवर शिकायचं कशाला, असं म्हणत सगळ्यांची डोकी पिकली. जो तो वाळूकडे बघत उभा राहिला.

मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ते ऐकत आले होते. टोपली खाली ठेवली आणि पुढे निघाले.

“ओ वयनी, खंय चाललात?” गुरुदास आडवा आला. “बायलमाणसान गाऱ्हाणा घालूचा नसता.”

“मगे तू घाल.”

तो बाजूला झाला.

मी नारळासमोर उभी राहिले. आवाज कापला नाही. तो बाजारात कमावलेला आहे.

“कोणाची वायट नजर आसात, कोणी काय वाकडा केला आसात, ता सगळा दर्यात बुडव म्हाराजा!”

एक म्हातारा सवयीने पुटपुटला, “व्हय म्हाराजा.” मग दुसरा. तिसऱ्या मागण्याला सगळ्यांचे हात जोडले गेले आणि डोळे मिटले. जाळ्यासाठी मागितलं, होडीसाठी मागितलं, पोराबाळांसाठी मागितलं. गाऱ्हाण्याला एक हिंदोळा असतो. माणूस त्यात एकदा बसला की शब्द ऐकत नाही, नुसता ‘म्हाराजा’ आला की ‘व्हय’ म्हणतो. हे मला त्यांच्या समोर उभी राहिल्यावर, त्यांचे मिटलेले डोळे बघून कळलं. आणि माझ्या डोळ्यांपुढे बाबली आला.

“बा देवा, हे तुझे झील तुफानाक भियत नाय, पण डाक्टरणीक भियतत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मागे बायकांमध्ये खसखस पिकली. पुरुषांचे डोळे मिटलेलेच.

“तोंडात काय जाला तर बायलेपासून लपयतत म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“तेंका बुद्धी दी! आज आपापली तोंडां उघडून त्या गाडयेत दाखवल्याशिवाय हेंच्यातल्या एकाचोय पाय होडयेक लागाक नको म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

हे ‘व्हय’ पुरुष सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. मग एकेकाचे डोळे उघडले. आपण काय कबूल केलं ते पोचायला जरा वेळ लागला, आणि पोचलं तेव्हा बायका पोट धरून वाळूत बसल्या होत्या.

“वयनी, तुमी आमका फशवलात!” गुरुदास ओरडला.

“मी? व्हय तुझ्या तोंडातसून इला. देवाक सांग जा, जीभ घसारली म्हणान.”

आता देवाला कोण सांगणार? देवाला दिलेलं ‘व्हय’ परत घेऊन त्याच दिवशी होडीत पाय ठेवायची छाती आमच्या वाडीत कुणाची नाही. मी देवाला मधे घातलं म्हणून कुणी मला नावं ठेवली, अजूनही ठेवतात. ठेवू देत. राखण कर म्हणून ते त्याला दरवर्षी सांगतात, मी राखण कशी करायची तेवढं सांगितलं. चरफडत का होईना, सगळे वर चढले आणि गाडीपुढे रांग लागली. गुरुदासने पायरीवर पाय ठेवण्याआधी नम्रताला विचारलं, “म्होरलाच दार मा गो?”

“म्होरलाच काका, चढा.”

मी वळून बघितलं तर हरिश्चंद्र दोरांच्या वेटोळ्यावर बसलेले.

“उठा,” मी म्हटलं.

“कित्याक? मी खंय व्हय म्हटलंय?”

खरंच होतं. सगळी वाडी म्हणाली आणि ते म्हणाले नव्हते. एवढी वर्षं गाऱ्हाणं घालणारा माणूस, त्याला पहिल्याच शब्दाला कळलं होतं मी कुठे चालले आहे ते. गालावर हात दाबून ओठ मिटून बसून राहिले होते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच एकटा मोकळा! आणि वर माझ्याकडे बघून डोळ्यांनी हसत होते.

असा संताप आला की टोपली उचलून डोक्यात घालावी. रांगेतले सगळे वरून बघत होते. मी नारळाकडे पाठ केली, देवाकडे पाठ केली, आणि ह्यांच्यासमोर हात जोडले. नाव मी त्यांच्या पाठीमागे घेत असे, तोंडावर कधी घेतलं नव्हतं.

“बा हरिश्चंद्रा म्हाराजा!”

त्यांचं हसू गेलं.

“सगळ्या वाडयेसाठी तू देवाकडे मागलंस. आज तुझी बायल तुझ्याकडे मागता. बाबलीक मी चमच्यान पेज भरवलंय. ती तेच्या तोंडात जाय नाय होती, गळ्यार व्हावा होती. तुका तशी भरवची माझ्यात ताकद नाय. मी ता परत करूचंय नाय, आताच सांगतंय. तुझ्यासारख्या हट्टी माणसावांगडा माझो जलम गेलो, उरललोय तुझ्याचवांगडा जावक व्हयो. माका तू व्हयो आसस म्हाराजा!”

सगळी वाडी उभी होती. कुणीही ‘व्हय म्हाराजा’ म्हणालं नाही. हे उत्तर कुणी द्यायचं ते सगळ्यांना समजलं होतं.

लाटा येत होत्या, जात होत्या. हरिश्चंद्र दोराचा पीळ नखाने उकलत बसले. मग उठले, मागची वाळू झटकली.

“व्हय,” ते म्हणाले. म्हाराजा म्हणाले नाहीत. तेवढा ताठा ठेवला.

गाडीत मी त्यांच्या मागे उभी राहिले. डॉक्टरीण घाटावरची, माझ्या मुलीच्या वयाची. “काका, आ करा. अजून मोठा. अजून थोडा,” ती म्हणत होती, आणि ते तोंड अजून उघडेना. बाकीच्यांना तिने चटकन सोडलं होतं. इथे मात्र दिवा धरून बराच वेळ बघत राहिली.

“किती दिवसांपासून आहे हे?”

“झाले असतील आठ-पंधरा दिवस,” हरिश्चंद्र म्हणाले.

मी तोंड उघडणार होते. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“नाही. शिमग्यापासून आहे.”

शिमगा! मला श्रावणात कळलं होतं.

“माझ्या भावाचं असंच सुरू झालं होतं, डॉक्टर,” ते खाली बघत म्हणाले. “मी बघितलेलं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.”

डॉक्टरणीने दिवा बंद केला. “उशीर झाला असं मी आज म्हणणार नाही,” ती म्हणाली, “आणि वेळेत आलात असंही खोटं सांगणार नाही. तुकडा काढून तपासावा लागेल. सोमवारी ओरोसला जिल्हा रुग्णालयात या. तंबाखू आत्तापासून बंद.” रांगेतल्या आणखी एकाला तिने तिथे बोलावलं. गुरुदासचं तोंड साफ निघालं, तर तो छाती काढून असा उतरला जसं काही ते त्याचंच कर्तृत्व.

आम्ही माडांखाली उभे राहिलो. खाली होडी सुटत होती.

“भियालंय गो मी,” ते म्हणाले.

असं वाक्य त्या तोंडातून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. शिमग्यापासून हा माणूस माझ्या शेजारी निजून एकटा भीत होता, आणि मी त्याला तिखट का नको म्हणून भांडत होते. मला रडू आलं आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला.

“भियाचाच होता तर माका सांगून भियाचा होता. दोघांनी मिळान भियालो असतो.”

सोमवारी पहाटेपासून त्यांची कुरकुर सुरू झाली. आज रापण आहे म्हणाले. मी म्हटलं, दोर ओढायला वाडीत हात रगड आहेत. गाडी लागते म्हणाले. मी पिशवीतून लिंबू काढून हातात दिलं. शेवटी एसटीत बसलो, आणि गाडीने मालवण सोडलं तसे ते सुटले.

“सगळ्या वाडयेम्होरे माझा नाव घेतलंस, मेल्ये! इज्जत दर्यात घातलंस माझी! तुझ्यासारखी बायल दुस्मानाकय गावा नये! खंयच्या मुहूर्तार तुका बघूक इल्लंय कोण जाणे!”

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. कंडक्टर तिकीट फाडताना गालात हसला. गाल दुखत असणार, तरी दुखऱ्या गालावर हात धरून ते बोलतच होते, मधेच श्वास घ्यायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. माझ्या माहेराचा उद्धार झाला. मग माझ्या आवाजाचा, मग त्या नम्रताचा.

मी खिडकीबाहेर बघत त्यांचा दुसरा हात धरून बसले होते. त्यांनी तो सोडवला नाही. ओरोसला काय निघेल ते निघेल. हे तोंड चालू राहायला हवं, मला शिव्या घालण्यापुरतं का होईना. ओरोसच्या अलीकडचं कसाल आलं तरी ते थांबले नव्हते, आणि मी त्यांना थांबवलं नाही.